न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग हाती घ्यावा का?

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वाचक डॉक्टरांचे पत्र आले आहे. त्या एम.डी. रेडिओलॉजिस्ट असून एका खासगी रुग्णालयात काही वर्षांपासून कन्सल्टंट आहेत. रुग्णालय आता न्यूक्लिअर मेडिसिनसाठी, म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात देऊन चित्रे घेणाऱ्या आणि उपचार करणाऱ्या शाखेसाठी, पेट-सीटी आणि गॅमा कॅमेरा ही यंत्रे घेत आहे. व्यवस्थापनाने त्यांना सुचवले आहे की, तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन या आणि हा विभाग तुम्हीच सांभाळा; न्यूक्लिअर मेडिसिनचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येतील आणि बाकीचे दिवस घरी बसून रिपोर्टवर सही करतील. एफडीजीचा, म्हणजे पेट-सीटीसाठी टोचायच्या किरणोत्सारी साखरेचा, डोस रोज पहाटे गाडीने येईल, त्याला वाटेत साधारण चार तास लागतील. पत्रलेखिकेला विषयाची ओढ आहे, सोनोग्राफी आणि गर्भवतींच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भराव्या लागणाऱ्या एफ फॉर्मांचा कंटाळाही आला आहे. त्यांची एक मैत्रीण ब्रिटनमध्ये रेडिओलॉजिस्ट असूनही न्यूक्लिअर मेडिसिनचे रिपोर्टिंग करते, मग आपल्याला का जमू नये, असे त्या विचारतात. घरी मात्र दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे आणि सासूबाईंनी ‘त्या किरणांच्या खात्यात जायचे नाही’ असे निक्षून सांगितले आहे. ‘होय म्हणू की नाही, एवढेच सांगा,’ असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे.

प्रिय डॉक्टर,

या शाखेकडे जरूर या, परंतु तुमच्यापुढे ठेवलेल्या अटींवर येऊ नका. या दोन गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या करून सांगते आहे, कारण तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत आणि व्यवस्थापनालाही त्या तशाच मिसळलेल्या हव्या आहेत.

आधी तुमच्या मैत्रिणीविषयी. ब्रिटनमध्ये रेडिओलॉजीचे प्रशिक्षण पाच वर्षांचे असते आणि रेडिओन्यूक्लाइड रेडिओलॉजी ही उपशाखा घेणाऱ्याला त्यापुढे आणखी एक वर्ष द्यावे लागते. शिवाय, रुग्णाला किरणोत्सारी औषध द्यायचे की नाही, हा निर्णय ज्या डॉक्टरच्या जबाबदारीवर होतो, त्याला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. तो एआरसॅक या समितीच्या सल्ल्याने मिळतो आणि त्यात कोणत्या तपासण्यांची मुभा आहे हेही नोंदलेले असते. म्हणजे तुमची मैत्रीण रेडिओलॉजिस्ट असूनही हे काम करते, असे म्हणण्यापेक्षा ती रेडिओलॉजीतून पुढे शिकून हे काम करते, असे म्हणणे योग्य ठरेल. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राची आणि तिच्या वाटचालीची बरोबरी होऊ शकत नाही.

आपल्याकडे या दोन शाखा पहिल्यापासून वेगळ्या घरांत वाढल्या. रेडिओलॉजी वैद्यकीय महाविद्यालयांत रुजली. न्यूक्लिअर मेडिसिनला मात्र अणुऊर्जा खात्याने हात दिला. मुंबईत परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात, १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि डी.आर.एम. ही रेडिएशन मेडिसिनची पदविका घेतलेल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या तिथूनच बाहेर पडल्या. अशा औषधांसाठी किरणोत्सारी पदार्थ बनवणारे देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉनही २००२ मध्ये तिथेच सुरू झाले. पुढे एम.डी. आणि डी.एन.बी. या स्वतंत्र पदव्या आल्या. या सगळ्या काळात रेडिओलॉजिस्ट आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर यांचा फारसा संबंध येत नव्हता. २००१ च्या सुमारास पेट आणि सीटी ही दोन यंत्रे एका साच्यात बसवून बाजारात आली आणि दोन्ही शाखांना एकाच टेबलाशी बसावे लागले. तुमच्यापुढचा पेच त्यातूनच निर्माण झाला आहे. पेट-सीटीमधला सीटीचा भाग तुम्हाला अनेक न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांहून चांगला वाचता येईल, यात मला शंका नाही. फुप्फुसातली चार मिलिमीटरची गाठ, आतड्याला पडलेला पीळ, मणक्यातली बारीक भेग अशा गोष्टी तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. म्हणूनच व्यवस्थापनाला वाटते की, पेटचा रंगीत भाग तेवढा शिकून घेतला की झाले.

खरी अडचण तिथेच आहे. सीटीमध्ये रुग्ण टेबलावर झोपला, कॉन्ट्रास्ट गेला आणि यंत्र फिरले, की चित्र जवळजवळ ठरलेलेच असते. नंतर कुणीही, कुठेही बसून ते वाचू शकते. न्यूक्लिअर मेडिसिनचे चित्र सकाळपासून रुग्णाशी जे जे घडले त्यातून तयार होते. त्याने काय खाल्ले, सुई कोणत्या हाताला लागली, औषध शिरेत गेले की शेजारच्या मांसात झिरपले, तासभर तो शांत पडून होता की नातेवाइकांशी बोलत होता, या सगळ्याचे ठसे त्या चित्रावर उमटतात. यांपैकी निम्म्या गोष्टी नोंदवहीत येत नाहीत. म्हणून या शाखेत कन्सल्टंटची खरी गरज चित्र तयार होण्याआधीच लागते, आणि घरी बसून सही करणारा डॉक्टर नेमका त्याच वेळी तिथे नसतो.

सकाळचे एक उदाहरण घ्या. एफडीजीमधल्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे असते, म्हणजे तेवढ्या वेळात किरणोत्सारिता निम्मी होते. चार तासांच्या प्रवासानंतर निघतेवेळच्या किरणोत्सारितेपैकी पाव हिस्सासुद्धा उरत नाही. घाटात गाडी अडकून आणखी तास गेला, तर उरलेल्यातलाही तिसरा हिस्सा जातो. आठ रुग्णांसाठी मागवलेला डोस मग पाचांनाच पुरतो आणि कोणत्या तिघांना परत पाठवायचे हे हॉट लॅबच्या, म्हणजे डोस भरण्याच्या खोलीच्या, दारात उभे राहून ठरवावे लागते. केमोथेरपीचे पुढचे चक्र उद्यावर आले आहे अशा रुग्णाला थांबवायचे, की दोनशे किलोमीटरवरून एसटीने आलेल्या म्हाताऱ्याला? त्यात एखाद्या मधुमेही रुग्णाची साखर २४० निघते. साखर २०० च्या वर असली की साधारणपणे स्कॅन पुढे ढकलतात. पण घाईघाईने इन्सुलिन टोचून लगेच एफडीजी दिले, तर ते हृदयात आणि अंगभरच्या स्नायूंत ओढले जाते आणि गाठ फिकी दिसते. रुग्ण रात्रीपासून उपाशी आहे असे नातेवाईक छातीठोकपणे सांगतात, आणि नीट विचारले की कळते, सकाळी गोळी घेण्यापुरता अर्धा कप गोड चहा दिला होता. अशा वेळी ‘आज स्कॅन होणार नाही’ हे म्हणण्याचा अधिकार तंत्रज्ञाकडे नसतो. डोस वाया जाणार म्हणून बिलिंगवाले हळहळतात. तो निर्णय कन्सल्टंटचा असतो आणि त्यासाठी ती व्यक्ती इमारतीत हजर असावी लागते.

सुईचीही अशीच गोष्ट आहे. डाव्या स्तनाचा आजार असलेल्या स्त्रीला सुई उजव्या हाताला द्यायची, हा साधा नियम आहे. तो का, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही. औषध शिरेबाहेर झिरपले तर ते लसवाहिन्यांतून त्याच बाजूच्या काखेत जाते आणि तिथली निरोगी ग्रंथी चित्रावर चमकते. सुई चुकून आजाराच्याच बाजूला लागली असेल, तर ती चमक आजाराची की सुईची, हे पडद्यावर पाहून कुणालाही सांगता येणार नाही. ते सांगता येते फक्त त्याला, ज्याने रुग्णाचा दंड उघडून सुजलेली जागा पाहिली आहे. हाडांच्या तपासणीत, म्हणजे बोन स्कॅनमध्ये, मांडीच्या हाडापाशी दिसणारा काळा ठिपका कित्येकदा कपड्यावर पडलेला लघवीचा थेंब असतो. कपडे बदलायला लावून, त्वचा पुसून पुन्हा चित्र घेतले की तो नाहीसा होतो. पण हे रुग्ण टेबलावर असतानाच सुचले पाहिजे. रुग्ण गावी परतल्यावर सुचून उपयोग नाही.

आता वाचनाकडे येते, कारण तुमची तयारी सर्वांत जास्त तिथे आहे आणि तुम्ही सर्वांत जास्त ठेचकाळाल तेही तिथेच. एफडीजी कर्करोग दाखवत नाही; ज्या पेशी साखर भराभर ओढतात त्या दाखवते. क्षयाच्या ग्रंथी, सार्कॉइड हा दाहाचा आजार, न्यूमोनिया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हे सगळे साखर ओढतात. परदेशी पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा एका परिच्छेदात उरकलेला असतो. आपल्या देशात तो रोजचा प्रश्न आहे. समजा, पन्नाशीची एक स्त्री स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच्या पेट-सीटीला आली आहे. स्तनातली गाठ लहान आहे, काख स्वच्छ आहे, पण छातीच्या मध्यभागी आणि दोन्ही फुप्फुसांच्या मुळांशी ग्रंथी झगझगत आहेत. एसयूव्हीचा (जागेने एफडीजी किती ओढले याचा) आकडा पाहिला तर स्तनातल्या गाठीपेक्षाही मोठा. नवशिका वाचक ‘छातीतील ग्रंथींत मेटास्टॅसिस’, म्हणजे पसरलेला कर्करोग, असे लिहून मोकळा होईल. त्या एका ओळीने ही बाई चौथ्या टप्प्यात जाते, तिची शस्त्रक्रिया रद्द होते आणि घरात निरवानिरवीची भाषा सुरू होते. अनुभवी डॉक्टरला तिथे खटकले पाहिजे की, काख सोडून आजार थेट छातीत, तोही दोन्ही बाजूंना सारखाच, कसा गेला? मग सीटीवर त्या ग्रंथींत चुना जमला आहे का, फुप्फुसाच्या शेंड्याला जुना व्रण आहे का, हे पाहावे. बाईंना स्वतः विचारावे की घरात कुणाला कधी टीबी झाला होता का, संध्याकाळी अंग मोडून येते का. आणि रिपोर्ट टाइप होण्याआधी सर्जनला फोन करून सांगावे की या ग्रंथी सुईने तपासल्याशिवाय टप्पा ठरवू नका. आपल्याकडे अशा ग्रंथींतून ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्षयासारख्या दाहाच्या गाठी, निघणे अजिबात दुर्मीळ नाही. तिचा कर्करोग बरा होण्याजोगा राहणे किंवा न राहणे त्या फोनवर अवलंबून असते.

याच जातीचा दुसरा सापळा बोन स्कॅनमध्ये असतो. प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कर्करोगाचे नवे उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाडांतले ठिपके कधीकधी जास्त गडद होतात, कारण हाड भरून येऊ लागलेले असते. याला फ्लेअर म्हणतात. तारखा न विचारता वाचणारा त्याला आजार वाढला असे म्हणेल आणि लागू पडत असलेले औषध बंद होईल. लिम्फोमामध्ये (लसग्रंथींच्या कर्करोगात) तर गाठीची चमक छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून डोव्हिल मोजपट्टीवर एक ते पाच असा गुण देतात, आणि तीन व चार यांतल्या फरकावर रुग्णाची केमोथेरपी बदलू शकते. पहिला स्कॅन इंजेक्शननंतर साठ मिनिटांनी आणि दुसरा पंचाण्णव मिनिटांनी झाला असेल, तर ते आकडे एकमेकांशेजारी मांडण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा. ही विचार करण्याची सवय तीन महिन्यांत लागत नाही. ती दोन-तीन वर्षे रोज चाळीस चित्रे, त्यांच्या बायोप्सीचे निकाल आणि ट्यूमर बोर्डातले (कर्करोगतज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीतले) वाद यांतून लागते.

शिवाय या शाखेत निदानाइतकेच उपचारही असतात. थायरॉइडच्या कर्करोगाला रेडिओआयोडीन, न्यूरोएंडोक्राइन गाठींना आणि प्रोस्टेटच्या आजाराला ल्युटेशियम-१७७ ही औषधे न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर स्वतः देतात आणि रुग्ण त्यांच्याच नावावर दाखल असतो. तुमच्या रुग्णालयाचा तसा विचार आजच्या घडीला दिसत नाही, पण विभाग चालू लागला की तो होणारच, कारण मागणी आहे. त्या दिवशी तुमची भूमिका काय असेल, हे आजच विचारून ठेवा.

आता घरचा प्रश्न. सासूबाईंची काळजी उडवून लावू नका. त्यांनी बहुधा कुणाकडून तरी ऐकले असेल की किरणोत्सारी औषधानंतर सहा महिने मूल होऊ द्यायचे नसते. ते खरे आहे, परंतु तो सल्ला रेडिओआयोडीनचा मोठा डोस पोटात घेतलेल्या रुग्ण स्त्रीसाठी आहे, विभागात काम करणाऱ्या डॉक्टरसाठी नाही. हा फरक तुम्ही शांतपणे समजावलात, तर अर्धी भीती तिथेच ओसरेल.

आकडे असे आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार किरणोत्सर्गात काम करणाऱ्या व्यक्तीला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचे माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. निसर्गातूनच जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिसिव्हर्ट मिळत असतात. नीट चालवलेल्या विभागात कन्सल्टंटच्या टीएलडी बॅजवर (छातीवर लावायच्या किरणमापकावर) दर तिमाहीला येणारा आकडा मर्यादेच्या खूप खाली राहतो. डोस भरणाऱ्या आणि इंजेक्शन देणाऱ्या तंत्रज्ञांना त्याहून जास्त मिळतो, आणि विभागप्रमुख म्हणून त्यांची काळजीही तुम्हालाच वाहायची आहे. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, असा नियम आहे. तुलनेसाठी सांगते, आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या मते गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा (इथे मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच धरता येतात) कमी मात्रा मिळाली असेल, तर त्या कारणासाठी गर्भपात करणे समर्थनीय नाही. कामाच्या ठिकाणची मर्यादा त्याच्या शंभराव्या भागाइतकी खाली बांधली आहे.

त्यामुळे दुसरे मूल हवे म्हणून ही शाखा नाकारण्याचे कारण नाही, आणि शाखा हवी म्हणून मूल लांबवण्याचेही नाही. फक्त पाळी चुकल्याचे लक्षात येताच, घरात पेढे वाटण्याआधी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा. त्यानंतर हॉट लॅब, जनरेटरचे मिल्किंग (त्यातून किरणोत्सारी द्रव काढणे) आणि डोस भरणे बंद. रिपोर्टिंग रूम चालू. आयोडीन-१३१ च्या जवळपासही जाऊ नका, कारण दहा-बारा आठवड्यांपासून गर्भाचे थायरॉइड आयोडीन साठवू लागते. अंगावर दूध पाजत असतानाही आयोडीनच्या कामापासून लांबच राहायचे आणि हेही लेखी कळवायचे. एक गोष्ट तुम्हा रेडिओलॉजिस्टांना सवयीमुळे खटकेल, म्हणून सांगते. एक्स-रे विभागातला अर्ध्या मिलिमीटरचा लेड एप्रन पेटच्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांपुढे जवळजवळ निरुपयोगी असतो. तो घालून धीर येतो आणि माणूस रुग्णाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, हा उलट तोटा. इथे खरे संरक्षण अंतराचे आणि वेळेचे. इंजेक्शन दिलेल्या रुग्णाशी बोलायचे ते दोन मीटरवरून. त्याहून बरे म्हणजे त्याची सगळी माहिती, जुने रिपोर्ट, औषधे, तारखा हे सर्व इंजेक्शनच्या आधी विचारून घ्यायचे. असे केले की तुमचा डोसही कमी होतो आणि रिपोर्टही चांगला होतो.

सासूबाईंना मी असे सांगेन: ‘आई, माझ्या छातीवर एक बॅज असतो, त्याची दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि आकडा माझ्या हातात येतो. तो मी तुम्हाला दाखवत जाईन. दिवस राहिले की मी औषधे हाताळण्याचे काम सोडणार आहे, तसा नियमच आहे.’ आणि खरोखर दाखवा. वादापेक्षा तो कागद जास्त काम करील.

सोनोग्राफीच्या एफ फॉर्मांतून सुटका होईल, असे तुम्ही म्हणता. तेवढ्यासाठी येत असाल तर थोडे थांबा. इथे प्रत्येक मिलिक्युरीचा हिशेब असतो: किती आले, किती दिले, किती उरले, कचरा त्यातला किरणोत्सार ओसरण्यासाठी किती दिवस ठेवला. सांडलेला थेंब पुसल्याची नोंद, मोजणीयंत्राच्या रोजच्या चाचण्यांची नोंद, मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरची कागदपत्रे हे सगळे असतेच. मला हे काम कधी जाचक वाटले नाही, कारण त्यातली प्रत्येक नोंद कुणाच्या तरी अंगावर पडू शकणाऱ्या किरणांची आहे. तुम्हालाही ते तसे वाटेल का, हे तुम्हीच जाणू शकता.

तुमच्या पत्रात एका बदलाचा उल्लेख नाही आणि मला तो मोठा वाटतो. सीटीच्या रुग्णाने तुम्हाला बहुधा कधी पाहिलेलेही नसते. इथे सकाळी तुम्ही त्याच्याशी वीस मिनिटे बोललेल्या असता. कुठे दुखते, किती वजन घटले, सगळे त्याने तुम्हाला सांगितलेले असते. दुपारी तो दारात उभा राहून विचारतो, ‘मॅडम, काय निघालं?’ मागे उभा असलेला मुलगा तुम्हाला खूण करत असतो की बाबांना काही सांगू नका. पडद्यावर तुम्ही यकृत भरलेले पाहिलेले असते. अशा वेळी खोटे बोलू नये आणि दारात उभ्या उभ्या निकालही देऊ नये. ‘चित्रे चांगली आली आहेत, ती मी आज नीट पाहणार आहे आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या डॉक्टरांशी बोलणार आहे, ते तुम्हाला सगळे समजावून सांगतील, आणि नंतर काही विचारायचे असेल तर मी इथेच आहे,’ एवढे खरे आणि पुरेसे असते, मात्र संध्याकाळी तो फोन खरोखर व्हायला हवा. मुलाला बाजूला घेऊन सांगावे की, वडिलांनी सरळ विचारले तर मी खोटे सांगणार नाही. हे बोलणे जमायला वेळ लागतो आणि प्रत्येकाला ते सोसतेच असे नाही. तुमच्या पत्रातल्या ‘दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून माणसाचे तोंड दिसत नाही’ या वाक्यावरून मला वाटते की, तुम्हाला ते हवे आहे. मी तुम्हाला या शाखेत या म्हणते, त्यामागे ते वाक्य आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. तुमच्यापुढे प्रामाणिक वाटा दोन आहेत. पहिली, न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये एम.डी. किंवा डी.एन.बी. करणे. या वयात, घर आणि मूल सांभाळून, पुन्हा रेसिडेंट होणे किती जड आहे याची मला कल्पना आहे. पगार घटेल, रात्री ज्या मुलांसोबत ड्यूटी कराल ती तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असतील. तरीही, विभागप्रमुख होऊन स्वतःच्या नावाने औषध द्यायचे असेल तर वाट हीच आहे. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. दुसरी वाट, रेडिओलॉजिस्टच राहून संयुक्त रिपोर्टिंग करणे: पूर्णवेळ न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टर विभाग चालवतील, पेट-सीटीचे रिपोर्ट तुम्ही दोघे एका पडद्यासमोर बसून वाचाल आणि खाली दोघांच्या सह्या असतील. ही वाट कमीपणाची मुळीच नाही. चांगल्या कर्करोग केंद्रांत असेच काम चालते आणि दोघांपैकी एकट्याला जे दिसले नसते ते त्यातून हाती लागते. दुसरे मूल, घर आणि तुमचा सध्याचा जम पाहता, पुढच्या तीन वर्षांसाठी मला ही वाट तुम्हाला अधिक योग्य वाटते. दोन वर्षे असे काम केल्यावर पहिली वाट घ्यावीशी वाटली, तर ती बंद झालेली नसेल.

तिसरी वाट, म्हणजे व्यवस्थापनाने सुचवलेली, मी तुम्हाला घेऊ देणार नाही. अणुऊर्जेचा कायदा आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम यांच्या चौकटीत अशा विभागाला मंडळाचा परवाना लागतो, इमारतीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पात्र न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टर, तंत्रज्ञ व मंजुरी असलेला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. परवान्यावर ज्यांचे नाव आहे ते सहा दिवस गैरहजर आणि तुम्ही हजर, अशी रचना असेल, तर काही बिनसल्यावर खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल, आणि तेव्हा तुमचे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र कुणी विचारात घेणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, साखर २४० असलेला रुग्ण परत पाठवायचा की नाही, हा प्रश्न रोज सकाळी उत्तराविना राहील.

व्यवस्थापनाशी बोलण्याआधी ते डॉक्टर कोण आहेत ते शोधा आणि त्यांना स्वतः फोन करा. आठवड्यातले किती दिवस ते प्रत्यक्ष येणार, ज्या दिवशी नसतील त्या दिवशी इंजेक्शने बंद ठेवायला ते तयार आहेत का, रिपोर्ट दोघांनी मिळून वाचायला त्यांची हरकत आहे का, एवढे तीन प्रश्न विचारा. ‘तुम्ही बघून ठेवा, मी सही करतो,’ असे उत्तर आले, तर व्यवस्थापनाला लेखी नकार द्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. ते पूर्णवेळ येऊन राहायला तयार असतील, किंवा रुग्णालय दुसरे कुणी पूर्णवेळ नेमायला तयार असेल, तर संयुक्त रिपोर्टिंगचा प्रस्ताव तुमच्याकडून मांडा. त्यात दोन सह्या, ट्यूमर बोर्डासाठी आठवड्याला राखून ठेवलेला वेळ आणि गरोदरपणात कामाची वाटणी कशी होईल, हे तिन्ही कराराच्या कागदावर येऊ द्या. यंत्र बसून पहिले स्कॅन सुरू व्हायला परवान्यांमुळे काही महिने लागतीलच. तेवढ्या काळात पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या विभागात जाऊन बसण्याची रजा मागून घ्या. तिथे गेल्यावर पहिला आठवडा रिपोर्टिंग रूममध्ये न घालवता इंजेक्शनच्या खोलीबाहेर घालवा.